दोनदा वाजून थांबणारा फोन

मावशी शाळेचे गणवेश शिवायची. अंधारून आलं की मोटारीवरचं शिलाई मशीन थांबवायचं, त्याच्यामागच्या भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद करायची आणि देवापुढे हात जोडायचे. तेवढ्यात कोपऱ्यातला जुना फोन दोनदा वाजून गप्प व्हायचा. परगावची थोरली बहीण, ताई, त्यातून सांगायची, मी बरी आहे. मग मावशी तिकडे दोन रिंगा द्यायची. मीही बरी आहे. उचलायचा मात्र कोणीच नाही. दोनानंतर रिंगा थांबल्या नाहीत तर काहीतरी वाईट घडलंय, असं दोघींचं तरुणपणीच ठरलेलं. त्या दोन रिंगांत मावशीला ताईच्या खिडकीतला उजेड दिसायचा.

मावशीच्या मुलाने जुन्याच्या जागी इंटरनेटचा फोन बसवला. सोबत तो जिच्यावर चालतो ती एक पांढरी डबी, तिच्या पोटात हिरवा दिवा.

"नंबर तोच आहे, आई. आता कितीही बोला!"

"बोलायचंय काय? आमचं रोज बोलून होतं."

त्या संध्याकाळी फोन वाजलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मावशी सारखी फोनकडे बघायला लागली.

"मग तू लाव ना," मुलगा म्हणाला.

"आणि तिने उचललाच नाही तर?"

दिवस धुक्यातून चालल्यासारखे जात होते. सुई आपली आपणच पळायची. काजं करता करता प्रत्येक काजाची खिडकी व्हायची आणि तिच्याआड अंधार असायचा.

एका संध्याकाळी काम उरकेना. अंधार पडला तरी मशीन चालूच होतं. फोन वाजला. एक, दोन. मावशीने डोळे मिटले. तीन. सुई कापडातच थांबली. "देवा," म्हणत तिने फोन उचलला.

"आहेस का गं?" ताईच होती! "तुझ्याकडे कोण बाई आलीय? रोज म्हणते, संपर्क होऊ शकत नाही. तिला म्हटलं, भवाने, बहीण माझी आहे, तुझी नाही!"

मावशी हसता हसता रडायला लागली. हिरव्या दिव्यावरून तिची नजर वायरीमागोमाग भिंतीवर गेली. डबीचं बटण मशीनच्या बटणाशेजारीच होतं.

"अगं बाई! मीच रोज तुझं तोंड बंद करत होते!"

"धाकटी ती धाकटीच."

मावशीने फोन कानाशी धरूनच सुईखालचं कापड सोडवलं.

"काय शिवतेस?"

"बाही."

आता मावशी एक बटण सोडून बाकीची बंद करते. फोन दोनदा वाजतो. एखाद्या संध्याकाळी तिसऱ्यांदाही वाजतो, तेव्हा ती घाबरत नाही. बोटांना चिकटलेले दोरे झटकते आणि उचलते.