शेजारच्या गावचा तलाव

ते प्रकरण आठवलं की आजही मान खाली जाते. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, खून सगळं पाहिलं. पण तपास करता करता स्वतःच्याच दारात येऊन उभा राहिलो, तो त्या एकदाच.

मी तेव्हा पनवेल भागातल्या एका पोलीस ठाण्यात होतो. कोन गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नव्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एका सोसायटीत मी हप्त्यांवर फ्लॅट घेतला होता. आयुष्यभर पोलीस क्वार्टरमध्ये राहिलेल्या माझ्या घरच्यांना ती बाग, ती लिफ्ट, गॅलरीतून दिसणारा डोंगर, सगळ्याचंच अप्रूप होतं.

एका सकाळी जवळच्या गावातली एक विधवा बाई ठाण्यात आली. डोक्यावरची टोपली तिने अंमलदाराच्या टेबलासमोर उतरवली. टोपलीत मेलेले जिताडा मासे होते. गावचा तलाव तिने मासे वाढवायला ठेक्याने घेतला होता आणि तिचं घर त्यावरच चालत होतं.

"साहेब, तलावान कोनीतरी इख टाकलाय. सगली मासली वर आलीय."

"कोणावर संशय?"

तिने धाकट्या दिराचं नाव घेतलं. ठेक्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

फिर्याद नोंदवून घेतली. पंचनामा केला, पाण्याचे नमुने तपासणीला पाठवले आणि दिराला चौकशीला बोलावलं. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात काम करणारा, पन्नाशीचा माणूस. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. हा एवढंच म्हणाला, "भांडान हाय, नाय म्हनत नाय. पन तो तलाव माझे बापानी खनलाय, साहेब. त्यान मी इख टाकीन?"

मला तो खरा वाटला. पण गावात त्याचा निकाल लागून गेला होता. बाईचा भाऊ त्याच्या मुलांच्या अंगावर काठ्या घेऊन धावून गेला, आणि गावात बंदोबस्त लावावा लागला.

नमुन्यांचा अहवाल आला. विष नव्हतंच. पाण्यात मैला होता. गावातून तलावात एकही गटार जात नव्हतं, मग एवढा मैला आला कुठून? त्याच सुमारास रस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. तो अधूनमधून खबर द्यायचा.

"साहेब, एका टँकरवर नजर ठेवा. बाकीचे बिल्डिंगांत भरलेले जातात, रिकामे येतात. हा रिकामा जातो आणि भरून येतो. मग तलावाकडे वळतो."

दुसऱ्या पहाटे तलावाच्या बांधावरच टँकर पकडला. बाहेर 'पिण्याचे पाणी' असं रंगवलेलं, आणि आतला वास असा की पंचांनी नाकाला रुमाल लावले. चालक मराठवाड्यातून आलेला तरुण होता. ठाण्यात आणून मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "कुठल्या सोसायटीतून भरतोस?"

त्याने चहाचा कप तसाच खाली ठेवला. दटावलं, समजावलं, तरी नाव सांगेना.

"अरे, घाबरतोस कोणाला एवढा?"

"तुम्हालाच, साहेब."

"मला?"

"तुमच्याच सोसायटीतलं आहे ते. गेटवर रोज बघतो मी तुम्हाला. मला वाटलं, साहेबांना ठाऊक असेल."

खोलीत माझा हवालदार उभा होता. त्याने हळूच तोंड खिडकीकडे फिरवलं. ते फिरवलेलं तोंड मी विसरलेलो नाही.

सोसायटीची सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा बंद पडली होती. दुरुस्तीचा खर्च नको म्हणून सचिवांनी टँकरवाल्याशी परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हणजे त्या घाणीत माझ्या घरचीही होती. मी वरिष्ठांना सगळं सांगितलं आणि तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायला लावला.

सचिव जबाब द्यायला आले तेव्हा व्हरांड्यात भेटले. निवृत्त, सुशिक्षित, गणपतीच्या आरतीत पुढे असणारे गृहस्थ. खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आपलेच आहात, जरा सांभाळून घ्या. आणि तो तलाव काय स्वच्छ होता का हो? म्हशी धुतात त्यात."

"आत जा आणि जे खरं ते सांगा," मी म्हणालो.

दोषारोपपत्र दाखल झालं. यंत्रणा सुरू झाली. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहू लागले आणि बायकोला हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

वाटलं ते गावात गेलो तेव्हा. बाई ओट्यावर बसली होती. दिराचं घर समोरच होतं, दार बंद.

"याचा नाव मी घेतला साहेब," ती म्हणाली. "आता कंच्या तोंडानी त्याचे दारान जाऊ?"

मी म्हणालो, "ताई, मी त्याच बिल्डिंगमध्ये राहतो. ते पाणी माझ्याही घरचं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने इमारतींकडे पाहिलं.

"आमी जमिनी इकल्या तवा वाटला, चांगली मानसं शेजारी येतील."

तपासात आम्ही गुन्हेगार शोधतो. तो सापडला की फाइल बंद होते आणि बाकीचे सगळे निर्दोष ठरतात. या प्रकरणात सचिव सापडले आणि आम्ही शेकडो कुटुंबं निर्दोष ठरलो. पण आपल्या घरातून जे वाहून जातं ते कुठं जातं, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही कधी विचारला नव्हता. त्याला कलम लागत नाही. शरम मात्र वाटते.

मी अजून तिथंच राहतो. ओळखीचे लोक विचारतात, पनवेलला घर घ्यावं का? मी म्हणतो, जरूर घ्या. आणि मग विचारतो, तुमच्या बिल्डिंगशेजारच्या गावाचं नाव काय? विमानतळ किती मिनिटांवर आहे, ते सगळ्यांना पाठ असतं. गावाचं नाव अजून कोणी सांगितलेलं नाही.