मालकाचे तपशील दाखवता येत नाहीत

‘मालक मीच’ असं मी कंपनीला चार दिवसांत चार वेळा ठणकावून सांगितलं. ते खोटं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बायको राइट टाउनच्या आमच्या घरून ऑनलाइन मराठी शिकवते. जबलपुरातल्या मराठी घरांतल्या ज्या पोरांना आजीचं बोलणं समजतं, पण जी उत्तर हिंदीत देतात, त्यांच्यासाठी. नव्या बॅचची नावनोंदणी सोमवारपासून तिच्या वेबसाइटवर व्हायची होती आणि साइट दिवसातून तीनदा बंद पडत होती. म्हणून मी ती, इंटरनेटवरच्या नावासकट, दुसऱ्या कंपनीकडे हलवायला घेतली. बायकोला सांगितलं नाही. घरातलं कॉम्प्युटर खातं माझ्याकडे आहे, असा माझा समज आहे.

दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा जुन्या कंपनीचं उत्तर एकच, मालकाने नकार दिला. कोणत्या मालकाने? कंपनीच्या साइटवर पाहिलं तर मालकाच्या नावाच्या जागी फुल्या, मेलच्या जागी फुल्या. फोन लावला.

“सर, ट्रान्सफर के दौरान ओनर की डिटेल नहीं दिखा सकते.”

“भैया, ओनर मैं ही हूँ.”

“तो सर, आपको तो पता ही होगी.”

ओळखपत्र पाठवलं, तर कळवलं की नाव जुळत नाही. साइट कोणीतरी पळवली, अशी माझी खात्रीच झाली. रविवारी दुपारी जेवताना बायकोला मी ही बातमी गंभीर आवाजात दिली.

ती भात वाढता वाढता थांबली. “ते इंग्रजी मेल होय? मला दोन आले. साइट कोणीतरी हलवून राहिलं, मंजूर आहे का म्हणे. मी दोन्हींवर ‘नाही’ दाबलं. तुम्हीच तर सांगितलं होतं, असल्या मेलला हो म्हणायचं नाही.”

तेव्हा कुठे आठवलं. घर, स्कूटर, गॅस तिच्या नावावर, तशी साइटही मी हौसेने तिच्याच नावावर घेतली होती. मेलही तिचाच दिला होता.

तिसरा अर्ज केला, तिने ‘हो’ दाबलं. अजून पाच दिवस लागतील, असं कंपनीने तिला कळवलं. मला नाही.

“म्हणजे उद्या साइट अशीच बसणार,” ती म्हणाली. “मला काहून नाही विचारलं? आता एकेका आईला तुम्हीच फोन करा, नावं लिहून घ्या. अन् मराठीत बोला जरा. भैया, दीदी केलं तर कोणी पोरगं पाठवणार नाही.”