उभ्या गाडीची बॅटरी

“उभी गाडी जास्त खाते, मॅडम जी. चालती गाडी कमी खाते.”

असं म्हणताना काका बॉनेटवर उजवा तळहात ठेवायचे आणि थोडा वेळ तसाच राहू द्यायचे, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवून हसले होते. तुम्हीही हसला असता.

मी साताऱ्याहून जबलपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आले आणि दीक्षितपुऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहू लागले. तळमजल्यावर ते आणि काकू. त्यांच्या घराण्याला तिथे पाच-सहा पिढ्या झालेल्या. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी. “येऊन राहिलो, येऊन राहिलो” असं काका फोनवर म्हणायचे, तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस नुसता वाटेतच असतो, पोचत कधीच नाही.

ते टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी बॅटरी रूममध्ये गेली. काचेच्या मोठ्या भांड्यांची रांग, तेजाबाचा वास, आणि रोज त्यात डिस्टिल्ड वॉटर ओतणं. “सगळ्या शहराची लाइट जायची, पण फोन चालू राहायचा. काहून? लोकांनी कधी विचारलं नाही,” ते सांगायचे. त्यांच्या शर्टांच्या पोटावर बारीक भोकं होती. तेजाब उडून पडलेली. काकूंनी ती कधी रफू केली नाहीत, कारण नवीन शर्टालाही महिन्याभरात तीच नक्षी यायची.

निवृत्तीनंतर त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि गोहलपूरच्या एका वर्कशॉपमध्ये आठ महिने रोज जाऊन तिचं घर करून घेतलं. बाकं काढून पलंग, खिडकीशी ओटा, पंखा, टोपलीएवढा फ्रिज. गल्लीने नाव ठेवलं, मकानवाली गाडी. काकूंचे गुडघे गेलेले, म्हणून नर्मदेची परकम्मा गाडीतून करायची होती. ग्वारीघाटावर पाणी भरून घ्यायचं, निघायचं, आणि पूर्ण फेरा घालून तिथेच यायचं. मी राहायला आले तेव्हा ते दिवाळीनंतर निघणार होते. मग मुलीचं बाळंतपण आलं. मग पावसाळा. मग काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन. गाडी गल्लीमागच्या बंद दालमिलच्या आवारात उभी होती, ती उभीच राहिली.

आणि उभी राहून तिची बॅटरी उतरू लागली.

गाडीत बॅटऱ्या दोन होत्या. एक आतल्या घराची, पंख्याला आणि दिव्याला. दुसरी इंजिनाची. घराची उतरली तर अंधारात बसावं लागतं, इंजिनाची उतरली तर आहात तिथेच राहावं लागतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. छतावर सोलरची पाटी होती, पण मिलच्या भिंतीची सावली तिच्यावर दिवसभर पडायची. रोज सकाळी ते मीटरच्या दोन सुया इंजिनाच्या बॅटरीला लावायचे आणि आलेला आकडा खडूने मिलच्या भिंतीवर लिहायचे. बारा पॉइंट सहा म्हणजे भरलेली. चार दिवसांनी बारा पॉइंट चार. आठवड्याने बारा पॉइंट एक. कॉलेजला जाताना ती भिंत माझ्या वाटेत पडायची. आकडे खाली खाली येत होते आणि मला त्यांची उगाचच धास्ती वाटायला लागली होती.

“रोज पाच मिनिटं चालू करून ठेवत जा ना, काका,” मी एकदा शहाणपणा केला.

“तेच तर चुकतं लोकांचं! चालू करताना ती जेवढं देते, तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. अर्धा तास रस्त्यावर पळवा, नाहीतर हात लावू नका.” मग आवाज खाली आणून, “कोणीतरी खाऊन राहिलं आहे, मॅडम जी. चाबी काढली तरी कोणीतरी आत जागं आहे.”

तो खाणारा त्यांनी शोधून काढला. मीटर लावून एकेक फ्यूज उपसत गेले. एक फ्यूज काढताच खाल्ल्या जाणाऱ्या करंटचा आकडा धपकन खाली आला. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवणारं एक यंत्र जावयाने हौसेने बसवून दिलं होतं. गाडी कुठेच जात नव्हती आणि ते यंत्र रात्रंदिवस तेवढंच सांगत होतं. आता जावयाने लावलेली वस्तू काढायची कशी? शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. बॅटरीच्या मायनसच्या तारेत एक कट-ऑफ स्विच बसवला. गाडी उभी केली की तो फिरवायचा, सगळं तुटतं, कोणी काही खाऊ शकत नाही. निघताना परत फिरवायचा.

भिंतीवरचा आकडा बारा पॉइंट सहावर थांबला. त्या दिवशी त्यांनी गल्लीत खोव्याची जलेबी वाटली.

पण त्याच सुमारास आसपासच्या गाड्या चोरीला जायला लागल्या. मग काकांनी तो स्विच होता तिथून हलवला आणि लपवला. कुठे, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. काकूंनाही नाही. त्यांना वाकता येत नव्हतं, आणि त्या बाजारात कोणालाही काहीही सांगायच्या.

एका संध्याकाळी ते जिना चढून वर आले. कधी यायचे नाहीत.

“मॅडम जी, एकदा गाडीपाशी येऊन तो स्विच बघून ठेवा. सांगून समजत नाही, हात लावून बघावा लागतो.”

“मी बघून काय करू? मला गाडी चालवता येत नाही.”

“चालवणारा कोणीही भेटेल. स्विच माहीत असणारा कोणी पाहिजे.”

“रविवारी बघते,” मी म्हणाले.

त्या रविवारी माझे कपडे धुवायचे होते. पुढच्या रविवारी आईचा फोन आला आणि तो लांबला. तिसऱ्या रविवारी मी आवारापर्यंत गेलेही. ते गाडीखालून बाहेर येत होते. त्यांच्या उजव्या हातातला पाना निसटून खडीवर पडला. त्यांनी उचलला, पुन्हा पडला. ते आपल्या बोटांकडे असे बघत राहिले, जणू ती दुसऱ्याची आहेत.

“हात झोपून राहिला,” ते म्हणाले.

“आराम करा, काका. पुढच्या वेळी दाखवा.”

मी परत फिरले. खरं सांगायचं तर मला ऊन लागत होतं.

घरी काकू नेहमीसारख्या करवादल्या. “त्या गाडीची नाडी दिवसातून दोनदा बघतात. स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी महिन्यातून दोनदा. आणि माझी तर कधी नाडीच बघितली नाही!”

“तू चालू गाडी आहेस,” काका म्हणाले. “चालू गाडीला काही होत नाही.”

काकू लाजल्या. सत्तरीच्या बाईला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, मी डबा भरत होते आणि खालून काकूंचा आवाज आला. “अगं ये ना लवकर! बघ यांना काय होऊन राहिलं!”

ते खुर्चीत होते, एका बाजूला कललेले. तोंड वाकडं झालं होतं आणि चहा शर्टावर सांडला होता. उजवा हात मांडीवरून घसरून लोंबत होता. डोळे मात्र पूर्ण जागे होते.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. यायला तासभर तरी लागेल म्हणाले, आणि गल्लीचं तोंड ड्रेनेजच्या पाइपासाठी खणून ठेवलेलं होतं, ॲम्ब्युलन्स येऊनही आत येणार नव्हती. समोरचे किराणावाले भैया धावत आले. “अरे, दादा की गाड़ी है ना! पीछे से रास्ता खुला है!” ते स्वतः माल आणायला छोटा ट्रक चालवायचे. आम्ही चार-पाच जणांनी काकांना खुर्चीसकट उचललं, मागच्या दाराने मिलच्या आवारात नेलं आणि त्यांच्याच हाताने बनवलेल्या पलंगावर निजवलं. काकू उशाशी बसल्या. भैयांनी चाबी फिरवली.

काहीच झालं नाही.

पुन्हा फिरवली. काही नाही. साधी टकटकसुद्धा नाही.

काका काहीतरी बोलायला लागले. जीभ वळत नव्हती. डावा हात गादीवर आपटत होते. शेवटी एक शब्द सुटा झाला.

“खाली,” ते म्हणाले. “खाली... खाली.”

“बैटरी खाली है, बोल रहे हैं,” भैया म्हणाले आणि चाबी काढून घेतली. “ये तो होना ही था.”

काकूंना वाटलं, पलंगावर त्रास होतोय, खाली ठेवा म्हणताहेत. त्यांनी उशी काढली, त्यांचं डोकं हळूच टेकवलं. आणि मी? मला भैयांचं पटलं. त्या गाडीची बॅटरी उतरते हे गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. काका माझ्याकडे बघत होते. इतरांकडे नाही, माझ्याकडेच. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “हो काका, उतरली असेल. आपण दुसरी गाडी बघतोय.”

त्यांनी डोळे मिटले. तो चेहरा मला अजून दिसतो.

पोरांनी धक्का मारून पाहिला. एकाने वायरी हलवून पाहिल्या. मग कोणीतरी मागच्या रस्त्यावरून ई-रिक्षा थांबवून आणली. तिच्यात ते धड आडवेही मावत नव्हते. मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसले होते. अर्ध्या रस्त्यात मला स्विचची आठवण झाली. मी त्यांचे पाय आणखी घट्ट धरले. परत फिरून उपयोग नव्हता.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “इतना टाइम कहाँ लग गया?”

चौथ्या दिवशी मी एकटी आवारात गेले. दुपार होती. कुलूप उघडून ड्रायव्हरच्या बाजूने आत चढले. डॅशबोर्डच्या मागे हात घातला, ओट्याचे खण उघडले, पायपुसणं उचललं. मग सीटवर बसले आणि नुसताच हात खाली सोडला. सीटच्या खाली, पुढच्या लोखंडी पट्टीच्या मागे, बोटांना एक गोल मूठ लागली. फिरवली. समोरचं घड्याळ उजळलं आणि त्याचे आकडे लुकलुकायला लागले.

खाली. मराठी माणूस मराठीत सांगत होता. तिथे त्या क्षणी मराठी समजणाऱ्या दोघीच होतो, त्यातली एक आजारी माणसाचं डोकं सावरत होती. आणि त्यांनीच मला कधीतरी शिकवलं होतं, उतरलेली बॅटरी निदान टकटक करते. जिथे टकटकही नाही, तिथे तार तुटलेली असते.

काका साडेतीन महिने जगले. उजवं अंग गेलं, वाचा परत आली नाही. माघात थंडी ओसरल्यावर काकू म्हणाल्या, परकम्मा नाही तर नाही, निदान घाटापर्यंत नेऊन आणू. मी भैयांना स्विच दाखवला. “कल ही मिला,” असं खोटं सांगितलं. ग्वारीघाटाच्या वर गाडी उभी केली, पलंगावरून खिडकीतून पाणी दिसेल अशी. काकू भैयांचा हात धरून पायऱ्या उतरून गेल्या आणि आत आम्ही दोघंच राहिलो.

मी त्यांना सांगितलं. सगळं. तिन्ही रविवार, आणि तो शब्द.

ते माझ्याकडेच बघत होते. मग चेहऱ्याची डावी बाजू हलली. गालाला सुरकुत्या पडल्या, डोळ्यात पाणी आलं, घशातून आवाज निघाला. त्या अर्ध्या चेहऱ्यावर हसणं आणि रडणं अगदी एकसारखं दिसायचं. ते कोणतं होतं, मला कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

फाल्गुनात ते गेले. महिन्याभराने मुलगी आणि जावई काकूंना नागपूरला न्यायला आले. गाडीही न्यायची होती. जावई चालवणार होता. सामान भरून झालं. मी काकूंच्या पाया पडले, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले.

“त्या दिवशी ते काय सांगून राहिले होते गं? तुला काही समजलं होतं?”

“नाही, काकू,” मी म्हणाले.

“मलाही नाही.” त्यांनी माझे हात सोडले. “सेहेचाळीस वर्षं त्यांच्याजवळ राहून, शेवटचा एक शब्द मला समजला नाही.”

जावयाने हॉर्न वाजवला. मुलीने त्यांना आधार देऊन वर चढवलं. मी खिडकीपर्यंत गेले, तोंड उघडलं आणि म्हणाले, “पोचल्यावर फोन करा.” गाडी मिलच्या फाटकातून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. मी हात हलवत तिथेच उभी होते.