माईचं नाक आणि पिल्लांचं तोंड

माई कोणतीही गोष्ट आधी हुंगायची आणि मग बघायची. बाजारातून आलेला मासा, नवा तांदूळ, पाहुण्याची ओली छत्री, सगळं आधी नाकाशी. मी तिच्या खाणावळीत पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा पाटावर बसायच्या आतच तिने मला अडवलं. "झिला, तुका ताप येतलो. पेज खा आणि नीज." मला काही झालेलं नाही, असं मी सांगितलं. संध्याकाळी हुडहुडी भरली.

जामसंड्यात रस्त्यालगत तिचं कौलारू घर होतं. नवरा बोटीने मुंबईला गेला आणि तिथलाच झाला. माईने रडत बसण्याऐवजी पडवीत पाट मांडले. देवगडच्या कचेऱ्यांतले आम्ही बिऱ्हाड नसलेले कारकून आणि शाळेचे मास्तर तिच्याकडे जेवत असू. आमटी पातळ झाली असं कोणी म्हटलं, की ती पळी घेऊन समोर उभी राही. "पातळ आसा तर पी. घट्ट होई तर आवशीकडे जा." तिच्या हाताला चव होती, म्हणून आईकडे कोणी गेलं नाही.

एका वर्षी पडवीच्या टोकाला, लाकडांच्या ढिगामागे, एक भटकी कुत्री व्याली. दुपारची भांडी झाली, की माई तिथे जाऊन बसे. एकेक पिल्लू उचलून त्याचं तोंड नाकाशी धरी. पिल्लाने जांभई दिली, तर डोळेच मिटी. मीही एकदा हुंगून पाहिलं. गोडसर, जरासा आंबूस, आणि त्यामागे काहीतरी भाजल्यासारखा वास. वाईट मुळीच नाही.

"माई, मोठ्या कुत्र्याच्या तोंडाला घाण येते. मग याच्या तोंडाला असा वास कसा?"

"कसो म्हणजे? दुधावर आसा तां. अजून कोणाचां उष्टां खाल्ल्यान नाय."

"आणि खाल्लं की?"

"मगे काय, तुमच्यासारखां."

पुढे मी एका गुरांच्या डॉक्टरला हेच विचारलं. तो म्हणाला, पोटात नुसतं दूध, तोंड नवं कोरं, जंतूंची गर्दी अजून झालेली नाही, म्हणून तसा वास. दात येऊन खाणं सुरू झालं, की जातो. पण नक्की कशाने, ते त्यालाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. माईला शंका नव्हती. एका पिल्लाने उकिरड्यावरचा माशाच्या काट्यांचा भात खाल्ला, तेव्हा तिने त्याला हुंगून खाली ठेवलं. "गेलो वास. ह्यां आता माणसांत इलां."

हे सगळं मी कचेरीत सांगितलं, लोकांना हसवण्यासाठी. "नाकमाई" हे नाव माझंच. माईच्या नाकापासून कोणाचं काही लपत नाही, अशी पुस्तीही मीच जोडली. गोष्ट देवगडच्या बाजारात फिरून जामसंड्याला परत आली, तेव्हा तिच्यात पिल्लं चुलीशी झोपत होती आणि माई त्यांचे मुके घेऊन तशाच हातांनी भाकऱ्या थापत होती. खरं म्हणजे ती राखेने हात घासून, विहिरीवर धुऊन मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायची. मी ते रोज बघत होतो.

आमच्या कचेरीचे हेडक्लार्क अण्णा पंगतीत पहिल्या पाटावर बसत. त्यांच्या तोंडात सदैव लवंग. एका रविवारी पानं वाढून झाल्यावर ते कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "माई, ही कुत्री आजच्या आज बाहेर गेली पाहिजेत. अन्यथा उद्यापासून आम्ही कोणीही इथे जेवणार नाही."

माईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "बरां. तोंडाचो प्रश्न आसा मां? मगे सगळ्यांचीच तोंडां बघूया."

आणि ती खरोखरच पंगतीतून हुंगत निघाली. "ह्येच्या तोंडाक विडी. ह्या मास्तरान आज दात घासूक नाय. तू रे झिला, कांदो खावन इलंस." पंगत हसून लोळायला लागली. शेवटी ती अण्णांपाशी आली, वाकली आणि थांबली.

बाकीचे हसतच होते. मी मात्र हसायचा थांबलो. दारूबंदीचे दिवस होते. गोव्याहून चोरून येणारी काजूची दारू अण्णांच्या टेबलाच्या खणात असे, आणि शेजारच्या टेबलावर मी बसत असे. माई एक शब्द बोलली असती, तर अण्णांची नोकरी गेली असती.

ती सरळ उभी राहिली. "अण्णांच्या तोंडाक लवंग. लवंग बरी." मग पंगतीकडे वळली. "पिल्लां खंयच जावची नाय. जेवचां तेना जेवचां, नाय तेना उठचां."

अण्णा उठले. त्यांच्या मागोमाग पंगत उठली. मीही उठलो. मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते अण्णांच्या हातात होतं.

कुत्र्यांच्या घाणीमुळे माईची खाणावळ बसली, असं जामसंड्यात अजूनही हसत हसत सांगतात. सपशेल खोटं आहे. अण्णांना कुत्र्यांचं वावडं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या गावच्या घरी कुत्रा होता. त्यांना भीती होती माईच्या नाकाची, आणि ती माझ्या विनोदाने त्यांच्या मनात भरवली होती. माईने त्यांना वाचवलं, तरी ते परत आले नाहीत. तिने पिल्लंही टाकली नाहीत. तिने घराला कुलूप लावलं आणि भांडी, कुत्री, पिल्लं सगळी आंब्याच्या ट्रकमध्ये घालून हमरस्त्यावरच्या तळेऱ्याच्या नाक्यावर चूल मांडली. तिथे ट्रकवाले आणि एसटीचे ड्रायव्हर जेवू लागले.

बऱ्याच वर्षांनी, बदलीच्या गावी जाताना, मी तळेऱ्याला उतरलो. तोवर मी कायम झालो होतो. माईने काही न विचारता ताट वाढलं.

"माई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"होया होतां," ती म्हणाली आणि आमटी वाढत राहिली.

"माझ्यामुळे तुला घर सोडून…"

"माका कित्याक सांगतंस? माका म्हायत आसा. जामसंड्याक जावन सांग."

मी गेलो नाही. अण्णा तेव्हा साहेब झाले होते. आता ते नाहीत, माईही नाही, आणि मला कोणी बढती देणार नाही की काढून टाकणार नाही. तेव्हा जामसंडेकरांनो, ऐका. माईची चूल स्वच्छ होती. दारूचा वास अण्णांच्या तोंडाला होता, आणि ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं.