हुंदक्यांचा लांबचा शॉट

मालिकेच्या हीरोने सगळ्यांसमोर कॅमेरावाल्या बाईंना सुनावलं, "तुम्ही विनोदी मालिकाच करा. रडणं टिपणं तुमचं काम नाही." बाईंनी ते मनात धरलं.

मालिकेत त्याचे वडील गेले. एरवी अशा प्रसंगात बाई कॅमेरा चेहऱ्याजवळ नेत, उजेड मंद ठेवत. त्या दिवशी विनोदी मालिकेसारखा लख्ख उजेड केला आणि कॅमेरा लांब ठेवला. प्रत्येक हुंदक्याबरोबर हीरोचं सुटलेलं पोट हलताना दिसलं. प्रेक्षक खो खो हसले. बाईंचा जीव जरा थंडावला.

पण निर्माता खूश होऊन म्हणाला, "याला आता विनोदी मालिकेत घेतोय. कॅमेरा तुमचाच!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी होकार दिला. तो रोज समोर असणार होता, आणि त्यांचं अजून समाधान झालं नव्हतं.