थो दगड मीच दाखवला

हे मी कोणालेच सांगतलं नाही, भाऊ. दारू पेल्यावर माह्या तोंडून सारंच निघते — पण हे नाही निघालं.

माहे किस्से तसे बहुत. माह्याच वरातीत मी रस्ता चुकलो अन् दुसऱ्याच्या मांडवात जेवून आलो, हे अख्ख्या हथखोज गावाले माहीत आहे. मीच सांगतो, मीच हासतो. मंग हाच एक किस्सा कावून गिळून बसलो?

सुखदेव अन् मी कारखान्याच्या एकाच शेडमधले. थो वर क्रेनच्या केबिनमध्ये, मी खाली. मशिनीचा आवाज एवढा का बोंबललं तरी ऐकू येत नाही. म्हणून मी हात दाखवो, थो क्रेन हालवे. तळहात उभा — थांब. बोटं आपल्याकडे — ये. वरतून त्याले खालचं अर्धं दिसेच नाही. थो माहा हातच पाहे. मले लिहिता-वाचता येत नाही, पण माहा हात थो अक्षरासारखा वाचे.

एका सुट्टीले शेडमधले आम्ही सारे जंगलात झरना पाहाले गेलो. गाडी गावात ठेवली अन् नदीच्या काठाकाठानं पायी. माह्या चपलेचा पट्टा तुटला, सुतळी बांधून चाललो. सुखदेव म्हणे, "तुले उचलाले क्रेनच आणा लागते बे!"

झरन्याजवळ आपल्या शेडसारखाच आवाज. मी सगळ्याईच्या अगोदर नदीच्या पल्याड निघालो. मधात एका शेवाळलेल्या दगडावरून सटकलो, धपकन पाण्यात. उठलो, पल्याड पोचलो. कोणी पाहिलं नाही — मी एकटाच ओला कावून राहू?

सुखदेव अल्याड उभा. हातानंच विचारलं — कुठून? मी थोच दगड दाखवला. मंग बोटं आपल्याकडे — ये, ये.

त्यानं दगड पाहिलाच नाही. माहा हात पाहून राहिला होता.

थो भिजेल, शिव्या देईल, सारे हासतील — असं वाटलं होतं. पण हे सांगून का फायदा? माहा सटकून पाहिलेला दगड होता थो. त्यावरून थो सटकला, पाय दोन दगडाच्या मधात फसला, अन् गुडघा उलटा फिरला.

गाडीपर्यंत मी त्याले पाठीवर आणलं. सारे म्हणे, आज जोकर कामाचा निघाला. मी — ऐकून घेतलं.

त्या गुडघ्यानं क्रेनची शिडी चढता येत नाही. आता थो गेटवर दांडा उचलते, गाड्या आत सोडते. वहिनी सणाचा डब्बा पाठवते. पोरीले सांगते, ह्या काकानं तुह्या बाबाले जंगलातून आणलं. अन् मी डब्बा खातो. चाटून खातो.

सुखदेव आजही म्हणते, "तुनं बरोबर दाखवलं होतं बे, माहाच पाय चुकला."

नाही भाऊ. त्याचा पाय नाही चुकला. मी दाखवलं, तिथंच पडला होता.