हळदीच्या मांडवातला षटकोन

नवरीने गप्प बसायचं असतं, हे माझ्या हळदीच्या दिवशी मला येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगून गेली. मी बसलेही होते. पिवळी साडी, पाट, समोर परातीत तेलात कालवलेली हळद. पण हळद लागेना. आमच्या घरात पहिला हात आत्याचा, आणि आत्या मांडवाच्या पार टोकाला खुर्चीत ठाण मांडून बसली होती.

बोंबील वाळवायच्या जागेवरून बाबांचं आणि तिचं वाजलं होतं. दोन पावसाळे बहीणभावाचं बोलणं बंद. ती आली होती ती भाचीसाठी. "तो सोता बोलवल तवाच उठन," असा तिने आईकडून निरोप धाडला. "आली हाय ना? मंग आता बँजो लावून बोलवू काय?" हा बाबांचा उलटा निरोप. बँजोवाले शेजारीच चहा पीत बसले होते, ते उगाच सावरून बसले. दोघांच्या मध्ये येरझारा घालून आई घामाघूम झाली. मला मात्र आत्याच हवी होती. खाडीत पोहायला तिने शिकवलं, पहिल्यांदा रेवसहून लाँचमध्ये बसून मला मुंबईच्या कॉलेजात सोडायला तीच आली होती. तिच्या हाताशिवाय हळद लागली असती, तर मी पाटावरच भोकाड पसरलं असतं.

बायका कंटाळल्या. एका मावशीने विचारलं, "ए पोरी, तू मुंबईला नक्की करतंस तरी काय?"

हा प्रश्न मला कुणी विचारू नये. मी पावडर बनवते, असं एकदा सांगून पाहिलं होतं. तेव्हापासून अर्धा कोळीवाडा माझ्याकडे तोंडाला लावायची पावडर मागतो. आज मी नीट सांगायचं ठरवलं. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत दोन प्रकारचे रेणू घालायचे. एकाला तीन हात, दुसऱ्याला दोन. नळी बंद करायची, ओव्हनमध्ये ठेवायची आणि आपण चहा प्यायला जायचं. कुणी कुणाचा हात धरायचा हे आपण सांगत नाही. ते आपले आपण जुळतात, आणि नीट जुळले तर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी तयार होते. इतकी बारीक, की तिच्या भोकांतून पाणी गाळता येईल, वायू कोंडून ठेवता येईल. आणि हे हात लेचेपेचे नव्हेत. सहसंयुज बंध! दोन अणूंनी आपापला इलेक्ट्रॉन मध्ये ठेवायचा आणि दोघांनी मिळून वापरायचा.

"मना काय समजला नाय," मावशी म्हणाली.

मग मी उठले. नवरी पाटावरून उठली म्हणून मागे हाकाटी झाली, पण आता मला आवरतंय कोण! तीन मावश्यांना पाठीला पाठ लावून उभं केलं, कमरेभोवती ओढणी बांधली आणि प्रत्येकीला एकेक हात बाहेर काढायला सांगितलं. झाला तीन हातांचा रेणू. असे बरेच रेणू बांधले. पुरुष दोन हातांचे. नियम एकच: बायांनी पुरुषाचा हात धरायचा, पुरुषांनी बाईचा, आणि कुणी कुणाला हाका मारायच्या नाहीत. बँजोवाल्यांना म्हटलं, वाजवा. ही तुमची ओव्हनची उष्णता.

काय सांगू! तीन तीन मावश्या भोवऱ्यासारख्या गरगरत निघाल्या, काका लोक आडवे झाले, माझे सख्खे मामा दोन ओढण्यांत अडकले. हसून हसून माझं काजळ गालावर उतरलं. पण जाळी काही होईना. झाला तो नुसता गोळा. ज्याने ज्याचा हात धरला तो सोडेचना. वेडावाकडा, पिरगळलेला, पण पक्का.

"काका, चुकीचा हात आहे, सोडा!"

"दर्यान धरलेला हात सोडाचा नाय, पोरी," काका म्हणाले. आयुष्यभर लोकांना दर्यातून होडीत ओढून घेतलेला माणूस तो, त्याला मी काय शिकवणार?

प्रयोगशाळेत पहिली दोन वर्षं मी हाच गोळा बनवला होता. बंध मजबूत असला की चूकही मजबूत होते. जाळी हवी असेल तर हात सोडता यायला हवा आणि पुन्हा धरता यायला हवा. त्यासाठी नळीत थोडं आम्ल टाकतात, म्हणजे चुकीचे बंध उघडतात.

"अगं, आम्ल विसरलीस!" प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण ओरडली. ती पुण्याची, हौशी, आणि आमच्याकडच्या रीतीभातींचा तिला गंध नव्हता. तिने परात उचलली, तेलातली हळद ओंजळीने घेतली आणि एकेकाच्या तळव्याला फासत सुटली. हात निसटायला लागले! काका निसटले, मामा सुटले, मावश्या फिरून नव्या हाताला लागल्या. कोपऱ्यात एक षटकोन खरंच जमत आला होता, शपथेवर सांगते. मी टाळ्या पिटत नाचत होते.

आणि आईने कपाळावर हात मारला. "अगो बाय, हलद!"

पहिल्या हाताची हळद साऱ्या गावाच्या हाताला लागली होती. बँजो थांबला. मैत्रीण परात धरून पांढरीफटक.

मांडवाच्या टोकाला खुर्ची आपटल्याचा आवाज झाला. "माज्या भाचीला कुनी हात लावाचा नाय!" आत्या पदर खोचून निघाली. "पयला हात माजा हाय!" तिने कोपराने माणसं बाजूला केली, अर्धा षटकोन मोडला, परातीत हात बुडवला आणि माझ्या दोन्ही गालांना अशी हळद थापली की डोळ्यात गेली. मी रडत होते ते हळदीने नव्हे. मी तिला घट्ट मिठी मारली आणि तिने मला दोन शिव्या दिल्या.

मग ती वळली. समोर बाबा उभे. तेही हातांच्या खेळात ओढले गेले होते, तळवे पिवळे, काय करावं सुचत नव्हतं. ते एक पाऊल पुढे आले.

"वाक खाली," आत्या म्हणाली.

ते वाकले. उरलेली हळद तिने त्यांच्या गालावर पुसली आणि हात तिथेच ठेवला.

"तुज्या हलदीला पन असाच थरथरत व्हतास रं," ती म्हणाली.